उरलासुरला वेळ आम्हाला नको

आठ मार्चच्या कुठल्याही सत्कार समारंभाला जा. सूत्रसंचालन करणारी ताई असो की प्रमुख पाहुणे, सत्काराला बोलावलेल्या बाईची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं : 'घरसंसार सांभाळून यांनी आपली आवड जोपासली.' मग ती बाई गड चढणारी असो, चित्रं काढणारी असो, कविता करणारी असो, की पन्नाशीनंतर पेटी शिकलेली असो. टाळ्या पडतात त्या पेटीला पडत नाहीत, त्या 'सांभाळून'ला पडतात. पुरुषाच्या सत्कारात हे वाक्य कुणी कधी ऐकलं आहे का? 'रोजचा स्वयंपाक, मुलांचे डबे, आईचं पथ्यपाणी सांभाळून यांनी तबला जोपासला' असं कुणी म्हटलं तर सभेत हशा पिकेल.

या एका शब्दात आपल्या समाजाचा एक नियम दडलेला आहे. बाईला आवडनिवड असायला हरकत नाही, पण ती उरलेल्या वेळात. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेलं ती खाते, तसा सगळ्यांची कामं झाल्यावर उरलेला वेळ ती स्वतःसाठी वापरते. उरलं तर वापरते. अन्नाच्या बाबतीत हा अन्याय आहे, हे आपण आरोग्य शिबिरांतून, रक्तक्षयावरच्या तक्त्यांतून वर्षानुवर्षं सांगत आलो. 'सगळ्यांबरोबर जेवायला बस' असं म्हणताना आपल्याला संकोच वाटत नाही. पण वेळाच्या बाबतीत हेच म्हणायला आपण अजून कचरतो.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गेली दहा-बारा वर्षं एका कौटुंबिक सल्ला केंद्रात आणि बचत गटांबरोबर काम करते आहे. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सरळ आहे. स्त्रीची आवड, तिचा छंद, तिचं रोजचं बारीकसारीक सुख हा चळवळीच्या शेवटच्या पानावरचा विषय नाही. तो श्रमाचा प्रश्न आहे, सत्तेचा प्रश्न आहे आणि हिंसेचाही प्रश्न आहे. त्याला आपल्या मागणीपत्रात जागा मिळाली पाहिजे. आणि ती 'उपयोग' दाखवून मिळालेली नको, हक्काची हवी.

पदराआडचं सुख

आपल्या आज्या-पणज्या सुखाशिवाय जगल्या असं मुळीच नाही. पण त्यांना ते कशाच्या तरी आड लपवावं लागलं.

जात्यावरची ओवी हे याचं सगळ्यांत मोठं उदाहरण. पहाटे उठून दळायला बसलेल्या बायकांनी आई, भाऊ, लेक, विठ्ठल, सीता या सगळ्यांना ओवीत आणलं, आणि सासरचा जाच, नवऱ्याचा मारही आणला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुढाकार घेऊन गावोगावच्या ओव्या जमवल्या, त्या संग्रहात १ लाखाहून अधिक ओव्या आहेत. केवढी ही कविता! पण ही कविता चालू होती ती हात जात्याच्या खुंट्यावर होता म्हणून. तोच आवाज, तीच बाई, पण दळण नसताना पायरीवर बसून गायली असती तर 'हिला काही कामधंदा नाही का?' असा प्रश्न आलाच असता. पुढे गावात पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट गेले, हे चांगलंच झालं. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण कष्ट गेले तेव्हा त्यांतून मोकळा झालेला वेळ गाण्याला मिळाला का? नाही. तो दुसऱ्या कामांनी घेतला, आणि ओवी तेवढी गेली. कारण परवानगी दळणाला होती, गाण्याला कधीच नव्हती.

बहिणाबाई चौधरींचा गौरव करतानाही आपण हेच करतो. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. थक्क होणं योग्यच होतं. पण 'शेतात राबता राबता, चुलीपुढे बसून त्यांनी काव्य केलं' हे आपण इतक्या कौतुकाने सांगतो, की जणू राबणं ही काव्याची अटच असावी. त्यांना रोज दोन तास निवांत मिळाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांना पडत नाही.

दुसरा आडोसा व्रताचा. मंगळागौर, भोंडला, नागपंचमी. झिम्मा, फुगडी, पिंगा, रात्रभर जागरण आणि पोट दुखेपर्यंत हसणं. बाईच्या अंगाला मोकळेपणाने हलायची सवलत वर्षातून काही दिवस, तीही देवाच्या नावावर. आणि ती सवलत कुंकवाला बांधलेली. नवरा गेला की हळदीकुंकवाचं बोलावणं बंद, म्हणजे त्या निमित्ताचं हसणं-खेळणंही बंद. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हा ठराव कुंकवाचा आणि बांगड्यांचा म्हणून आपण वाचतो. मला तो मैत्रिणींत परत येऊन बसण्याच्या हक्काचा ठराव वाटतो.

तिसरा आडोसा याहून बोचरा आहे. आपण गावात आरोग्याच्या बैठका घेतो आणि मिसरी सोडा म्हणून सांगतो. तोंडाच्या कर्करोगाची चित्रं दाखवतो, आणि ती दाखवायलाच हवीत. पण बाया काय उत्तर देतात ते ऐका : 'बाई, मिसरी लावायच्या निमित्तानं तेवढीच दहा मिनिटं भिंतीला टेकायला मिळतं.' दात घासायच्या निमित्ताने बसलेल्या बाईला कुणी उठवत नाही. नुसती बसलेली असेल तर उठवतात. म्हणजे एका विश्रांतीची किंमत म्हणून बाई तंबाखू जाळून हिरड्यांना लावते आहे. तिला मिसरी सोडायला सांगताना त्या दहा मिनिटांची दुसरी सोय काय, याचा विचार आरोग्य खात्याच्या तक्त्यावर नसतो. तो आपण करायला हवा.

काम, व्रत आणि व्यसन. या तिन्हींच्या आड बाईचं सुख चोरासारखं राहिलं. राजरोस उघड्यावर ते आलंच नाही.

रविवार कुणाचा?

आता हिशेब मांडू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत अर्ध्या अर्ध्या तासाला माणसाने काय केलं, ते विचारलं. सहा वर्षांवरील १०० स्त्रियांपैकी ८१ जणी त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम करत होत्या. पुरुषांत १०० पैकी फक्त २६. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा पाहणी झाली. स्त्रीची मिनिटं २८९ झाली, दहाने कमी. पुरुषाने भार उचलला म्हणून ती कमी झाली असं मानायला जागा नाही, कारण त्याचीही मिनिटं ९७ वरून ८८ वर आली. मुलांना आणि आजाऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, त्याचा हिशेब वेगळा आहे.

कुणी म्हणेल, याच पाहणीत करमणुकीची मिनिटंही दिलेली आहेत, आणि २०२४ साली ती पुरुषांची १७७ तर बायकांची १६४ होती, मग फरक कुठे आहे? फरक मिनिटांच्या तुकड्यांत आहे. बाईचा विरंगुळा सलग नसतो. मालिका चालू असते तेव्हा मांडीवर मेथी निवडायला असते, एक कान कुकरच्या शिट्टीकडे आणि एक डोळा मुलाच्या गृहपाठावर. पुरुष कट्ट्यावर बसतो तेव्हा तो पूर्ण कट्ट्यावर असतो. बाई टीव्हीसमोर असते तेव्हा ती अर्धी स्वयंपाकघरात असते. शिवाय पेटी शिकायची, पोहायचं, कादंबरी वाचायची तर सलग तास लागतो. दहा-दहा मिनिटांचे सोळा तुकडे जोडून कुणी पोहायला शिकत नाही.

फुरसत ही मागून, लढून मिळवायची गोष्ट आहे हे आपल्याच मुंबईने देशाला शिकवलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सगळे तो रविवार उपभोगतो. सगळे? पुरुषांच्या रविवारी बायकांना काय असतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. उशिरा उठणाऱ्यांचे तीन वेळा चहा, चारीठाव स्वयंपाक, आठवड्याचे कपडे, मटण, पाहुणे, माळ्यावरची साफसफाई. त्या दोघीजणी ज्या सुट्टीसाठी बोलायला उभ्या राहिल्या, ती सुट्टी सव्वाशेहून अधिक वर्षांत बायकांपर्यंत पोचली नाही. त्या दिवशी कारखाना बंद झाला, पण चूल चालूच राहिली.

आणि ही मागणी काही वेडगळ नाही. आपल्या राज्यघटनेचं ४३ वं कलम पाहा. कामगार शेतातला असो, कारखान्यातला असो की आणखी कुठला असो, त्याला निर्वाहापुरती मजुरी, चांगलं राहणीमान, आणि फुरसतीचा व सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोग मिळावा यासाठी राज्याने झटावं, असं ते सांगतं. उपभोग हा शब्द घटनेच्या पानावर आहे, मैत्रिणींनो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क प्रत्येकाला देतं. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्यासाठीच्या १९७९ च्या करारावर भारताने १९९३ साली मान्यतेची मोहोर उठवली. त्याच्या १३ व्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा स्त्रियांचा समान हक्क लिहिलेला आहे. किती निवेदनांत आपण या कलमांचा उल्लेख केला?

आधी आवड मारली जाते

सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईचा केसपेपर आम्ही भरतो. मारहाण कधीपासून, कशाने, माहेरून किती आणलं, दागिने कुणाकडे, मुलं किती. हे सगळं विचारायलाच हवं. पण बाईला बोलू दिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. पहिली थप्पड बसायच्या कितीतरी आधी तिची एखादी आवड मारलेली असते.

एकजण तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. लग्नानंतर महिन्याभरात तिची जर्सी सासूने फरशी पुसायला काढली. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. फक्त ती जर्सी रोज तिच्याच हातात, फरशीवर. दुसरीला कामं करताना गाणी ऐकायची सवय. नवऱ्याचं म्हणणं, 'गाणी ऐकतेस म्हणजे कुणाची तरी आठवण येतेय.' आधी गाणी बंद, मग मोबाइल बंद, मग शेजारणीकडे जाणं बंद, मग मार. तिसरीची दारातली रांगोळी नवरा कामावर जाताना रोज मुद्दाम पायाने पुसून जायचा. ती सांगताना मला म्हणाली, 'ताई, हे कागदावर लिहू नका, हसतील.' तिच्या हाताचं हाड मोडलं होतं, त्याबद्दल ती कोरड्या डोळ्यांनी बोलली. रांगोळीपाशी रडली.

हे हसण्यासारखं नाही. माणूस म्हणून आपली ओळख आपल्याला कामातून जितकी होते, तितकीच आवडीतून होते. मला हे आवडतं, हे आवडत नाही, असं म्हणणारी कुणीतरी आत आहे हेच ज्याला मोडायचं असतं, तो आवडीपासून सुरुवात करतो. सत्ता गाजवणाऱ्याला हे बरोबर कळतं. आपल्यालाच अजून कळलेलं नाही, म्हणून आपल्या केसपेपरवर त्यासाठी रकाना नाही.

आणि बाई बाहेर पडल्यावर काय होतं? दोन वर्षं खेटे घालून एकीला पोटगी सुरू झाली. पहिल्या महिन्याच्या पैशांतून तिने किराणा भरला, मुलाची फी भरली आणि बसस्थानकाबाहेर एकटीने उभं राहून भेळ खाल्ली. भावाने ते पाहिलं. घरी येऊन म्हणाला, 'पोटगी काय भेळ खायला मिळते का?' मी म्हणते, हो, भेळ खायलाही मिळते! कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या २० व्या कलमात असं म्हटलं आहे, की द्यायची रक्कम पुरेशी, न्याय्य आणि त्या स्त्रीला सवय असलेल्या राहणीमानाला साजेशी हवी. राहणीमान म्हणजे तांदूळ, तेल आणि औषध एवढंच असतं काय? दुःखी बाईने दुःखीच दिसावं, नाहीतर तिचं दुःख खोटं, हा जो न बोललेला कायदा आहे तो कोर्टाबाहेर चालतो, आपल्या कार्यालयांतही थोडाफार चालतो. तो मोडायला हवा.

आपल्यातलेच आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला : ही मध्यमवर्गीय चैन आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईला कसले आलेत छंद? तिला आधी पाणी, रेशन आणि मजुरी हवी.

मजुरी हवीच. पण ऊसतोडणीचाच व्यवहार पाहा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस अंग दुखतं म्हणून बसलं तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. म्हणजे विश्रांतीला तिथे दंड आहे. जिच्या विश्रांतीला दंड बसतो तिच्यासाठी फुरसत ही चैन कशी? तो तर तिच्या शोषणाचा गाभा आहे. गरिबाला फक्त भाकरी हवी असते हे ठरवणारे आपण कोण? बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. दुकानात माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि आपलं लिखाण त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलं आहे. दलित बाईला लिहिण्या-वाचण्याची ओढ होती, चैन म्हणून नव्हे, भुकेसारखी होती. आणि ती लपवावी लागली. हा प्रश्न 'मध्यमवर्गीय' म्हणून बाजूला सारणं म्हणजे त्या भुकेचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप : आधी हिंसा, मग हे बाकीचं. हिंसेचं वर आलंच आहे. पण 'आधी' आणि 'मग' या शब्दांचा आपल्याला अनुभव नाही का? आधी स्वातंत्र्य, मग स्त्रियांचे प्रश्न. आधी वर्गलढा, मग घरातली भांडणं. आपल्याला 'मग'मध्ये ठेवणाऱ्यांशी आपण भांडलो. आता आपणच आपल्या बहिणींच्या सुखाला 'मग'मध्ये ठेवायचं?

तिसरा आक्षेप जरा वेगळ्या बाजूने येतो : हे तर आता बाजारही सांगतो. जाहिरातीत बाई डोळे मिटून कॉफी पिते, 'स्वतःसाठी जगा' म्हणते. निवडणूक जवळ आली की गल्लोगल्ली 'खेळ पैठणीचा' रंगतो. बरोबर आहे. पण बाजार बाईला वेळ देत नाही, वस्तू विकतो. नेता बाईला खेळू देतो ते त्याच्या मंडपात, त्याच्या फलकाखाली. या दोघांनी ही जागा घेतली, कारण ती रिकामी होती. खुर्च्या भरभरून बायका त्या पैठणीच्या खेळांना जातात, त्यांना नावं ठेवून आपण मोकळे होतो. त्या पैठणीसाठी जात नाहीत हो. त्या उखाणा घ्यायला, हसायला, तीन तास घराबाहेर बसायला जातात. आपल्या बैठकीत ते मिळालं तर आपल्याकडेही येतील.

उपयोगाची सक्ती

यातूनच मला सगळ्यांत जास्त खटकणाऱ्या गोष्टीकडे यायचं आहे. बाईच्या प्रत्येक आवडीला आपण 'याचा फायदा काय?' असं विचारतो. भरतकाम आवडतं? मग विक्रीला ठेव. स्वयंपाक आवडतो? मग पापड-लोणच्यांचा गट काढ. शिवण येतं? घे मशीन. शासनाच्या योजना, देणगीदार संस्था आणि आपण, सगळे मिळून बाईच्या हातात शिलाई मशीन देत सुटलो आहोत. कमाई हवीच. पण एखादीला स्वतःसाठी, कुणालाही न विकता एक गोधडी शिवायची असेल तर त्याला आपल्या अहवालात रकाना नाही. गाणं म्हटलं की 'प्रबोधनासाठी', खेळ म्हटला की 'आत्मविश्वासासाठी', सहल म्हटली की 'अभ्यास दौरा'. पूर्वी सुख व्रताआड लपत होतं, आता प्रकल्पाआड लपतं. फरक काय झाला?

पाहा ना, १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली. लगेच ओरड सुरू : 'बायका उगाच फिरायला लागल्या.' कर्नाटकात जून २०२३ मध्ये स्त्रियांना मोफत बस झाली तेव्हाही हेच ऐकू आलं. यावर आपण काय उत्तर दिलं? 'नाही नाही, बायका दवाखान्यात जातात, बाजारात माल नेतात, मुली कॉलेजला जातात.' सगळं खरं. पण 'उगाच फिरतात' याला खरं उत्तर 'हो, फिरतात, मग?' हे आहे. माहेरी जातात, जेजुरीला जातात, खिडकीशी बसून धरण बघायला जातात. पुरुष उगाच फिरतो तेव्हा त्याच्या तिकिटाचा हिशेब कुणी मागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईच्या रस्त्यांवरच्या स्त्रियांबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा हाच होता, की स्त्रीला शहरात सुरक्षितता तर हवीच, पण काही काम नसताना रेंगाळायचा हक्कही हवा. हातात पिशवी किंवा फाइल असल्याशिवाय बाई रस्त्यावर उभी राहू शकत नसेल, तर तो रस्ता तिचा नाही.

आपली चळवळ तर गाण्यांतून वाढली. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आलं, तेव्हा लोक नुसते विचार ऐकायला जमले नव्हते, रंगून गेले होते. आपल्या शिबिरांत दिवसभराची सत्रं झाल्यावर रात्री बाया फेर धरतात, नकला करतात. 'शिबिरात काय आवडलं?' या प्रश्नाला दहांतल्या आठजणी त्या रात्रीचं नाव घेतात. अहवालात मात्र ती रात्र येत नाही.

मागण्या

म्हणून काही गोष्टी करून पाहू या. एक, सल्ला केंद्राच्या प्रत्येक केसपेपरवर दोन प्रश्न घालू : तुम्हाला काय करायला आवडायचं? ते शेवटचं केव्हा केलं आणि का थांबलं? दोन, पोटगीच्या अर्जातल्या खर्चाच्या यादीत किराणा आणि औषधांच्या बरोबर वर्तमानपत्र, क्लास, प्रवास, सिनेमा हेही लिहायला बाईला सांगू, आणि ते वगळायचा सल्ला मिळाला तर वाद घालू. तीन, बचत गटाची महिन्यातली एक बैठक हिशेबाविना घेऊ. त्या दिवशी वसुली नाही, प्रशिक्षण नाही, पाहुण्यांचं भाषण नाही. चार, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो दरवेळी मशीन-वाटपातच का जावा? ग्रामसभेत उठून विचारू : गावच्या मैदानावर बायकांसाठी संध्याकाळचा तास कुठला? वाचनालयात बायकांनी बसावं अशी वेळ आणि दिवा आहे का?

पाचवी मागणी घरातली आहे, आणि तीच सर्वांत अवघड. पुरुषाने 'मदत' करायची नाही, वाटा उचलायचा. आठवड्यातून एक वार ठरवून, त्या दिवशी चूल, मुलं, म्हातारी माणसं यांची जबाबदारी त्याची. बाईने त्या दिवशी काय करावं हे तिने कुणाला सांगायचं नाही. ती कदाचित काहीच करणार नाही, झोपेल. झोपू दे. काम वाटून न घेता 'छंद जोपासा' म्हणणं म्हणजे पाठीवरच्या ओझ्यावर आणखी एक गाठोडं चढवणं आहे, हे पक्कं लक्षात ठेवू. ज्या घरी वाटून घ्यायला पुरुषच नाही, तिथे पाळणाघर, पाणी आणि गॅस यांची लढाई हीच फुरसतीची लढाई आहे.

आणि येत्या आठ मार्चला सूत्रसंचालन करणारी मैत्रीण जेव्हा 'घरसंसार सांभाळून' असं म्हणेल, तेव्हा खुर्चीवरून हात वर करून तिला शांतपणे विचारा : हे वाक्य तुम्ही पुढच्या सत्काराच्या पाहुण्यांनाही लावणार का? ते पाहुणे पुरुष असले तरी?

आपापल्या गटांत हा लेख वाचून चर्चा करा. पटलं नाही तर तसं कळवा, भांडू. पण चर्चेला बसायच्या आधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारायला विसरू नका : बाई गं, तुला काय आवडतं? पुष्कळजणी गप्प बसतील. त्या गप्प बसण्यापासूनच आपल्याला कामाला लागायचं आहे.